पाचव्या मणक्यावर मावशीचा अंगठा

बर्फ मऊ नसतो. अर्धापूरला परतल्यापासून भेटेल तो मला हेच विचारतो, "बर्फ कसा असतोय वो? कापसावानी?" मी सगळ्यांना सांगतो, लांबून कापसासारखा दिसतो आणि डोक्याखाली आला की फरशीसारखा लागतो. ज्यांनी बर्फ फक्त फ्रिजमध्ये बघितलाय त्यांच्यासाठी, आणि ज्यांची पोरं मोबाइलवर बर्फावरून घसरणाऱ्यांचे व्हिडिओ बघून 'आपण बी जाऊ' म्हणायला लागली आहेत त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. जा, जरूर जा. फक्त पडायचं कसं, आणि पडल्यावर काय करायचं नाही, एवढं आधी विचारून घ्या. मला दोन्ही सांगितलं होतं. पहिलं मी ऐन वेळी विसरलो, आणि दुसऱ्यामुळे मी आज हे लिहायला धड बसलो आहे.

मी केळीवाला माणूस. अर्धापूरच्या शिवारात आमच्या बागा आहेत आणि शेजाऱ्यांचा मालही गोळा करून मीच ट्रक भरतो. माझी केळी काश्मीरपर्यंत जाऊन येतात, म्हणजे जातात, येत नाहीत. मी मात्र दिल्लीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. श्रीनगरचे बशीरभाई आमचा माल घेतात. ते दर हंगामात फोनवर म्हणायचे, "दिगंबरभाई, केले भेजते हो, खुद कभी नहीं आते." यंदा बाग उतरून झाली, सविताने, म्हणजे माझ्या बायकोने, न विचारता बॅग भरली, आणि ऐन थंडीत आम्ही निघालो.

गुलमर्ग

बशीरभाईंच्या घरी पहिल्याच दिवशी माझ्या बोलण्याचा तमाशा झाला. नांदेडकडची आमची हिंदी म्हणजे निजामाच्या वेळची दखनी, ती पुस्तकात सापडत नाही. मी जेवताना "मेरेकू नक्को, हौ, बस हो गया" म्हणालो, तर बशीरभाई हसून हसून डोळे पुसायला लागले. जेवायला भात आणि हाख नावाची हिरवी पालेभाजी. चवीला आपल्या घरच्यासारखीच, पण तिखटाचा पत्ता नाही. सविताने डब्यातला ठेचा काढला. बशीरभाईंची लेक रूही हिने तो मोठा घास करून खाल्ला आणि नंतर बराच वेळ खिडकी उघडून तोंड बाहेर काढून उभी राहिली. त्यांचा गुलाबी चहा खारट असतो. सविताने हळूच साखर मागितली, तेव्हा घरातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दोन्ही बाजूंची फिटंफाट झाली.

ही रूही गुलमर्गला स्नोबोर्ड शिकवते. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, आवाज मात्र हेडमास्तरचा. एका फळीवर दोन्ही पाय आडवे बांधायचे आणि उतारावर स्वतःला सोडून द्यायचं, याला स्नोबोर्ड म्हणतात. पाय बांधलेले, हात मोकळे, पण धरायला काही नाही. ज्याने हे शोधून काढलं त्याला घरी काम नसावं. पण खरं सांगतो, दुसऱ्या दिवशी दहा-बारा हात न पडता घसरत गेलो तेव्हा जो आनंद झाला तो पहिला ट्रक भरला तेव्हाही झाला नव्हता. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस मी, आणि मोठ्याने ओरडत होतो.

रूहीने पहिल्या दिवशी फक्त पडायला शिकवलं. मी म्हणालो, आमच्याकडे लेकरांना चालायला शिकवतात, पडायचं त्यांचं ते बघतात. ती हसली नाही. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, मुठी मिटायच्या, हात टेकवायचे नाहीत, पाठीवर लोळायचं. डोकं मागे गेलं तर सगळा मार मानेला बसतो. तिने हे माझ्याकडून शाळेतल्या पोरासारखं वदवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सविता खाली उभी राहून मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होती. गावाकडे पाठवायचा होता. मी छान घसरत येत होतो. तिला बघून मी, नांदेडच्या बाजारात ओळखीचं माणूस दिसल्यावर करतो तसा, हात वर केला. तेवढ्यात फळीची मागची कड बर्फात रुतली आणि मी सरळ उताणा गेलो. हनुवटी छातीला लावायची हे मला आठवलं, पण आठवेपर्यंत डोकं आपटलं होतं. हेल्मेट होतं म्हणून कवटी राहिली. मानेत काडकन आवाज झाला, तो मी कानाने ऐकला की हाडाने, सांगता येणार नाही. दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या आल्या.

पडलं की आपण काय करतो? आधी उठतो, पॅन्ट झटकतो, कुणी बघितलं का ते बघतो. मीही कोपरावर उठायला लागलो. वरून रूही ओरडली, "अंकल, हिलना मत! बिलकुल नहीं!" ती कधी आली कळलं नाही. माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी माझं डोकं आणि मान होती तशीच धरली आणि म्हणाली, "आसमान देखो. मुझे मत देखो." मला पायाची बोटं हलवायला लावली, मग हाताची. सगळी हलत होती. सविता धावत आली आणि तिने मला उठवायला काखेत हात घातला, तेव्हा रूही तिच्यावर अशी खेकसली की सविता जागच्या जागी बसली. ती पोरगी बर्फात गुडघे रुतवून माझं डोकं धरून बसली होती, आणि माणसं स्ट्रेचरची घसरगाडी घेऊन येईपर्यंत तिने हात जराही हलवला नाही. तिची बोटं गार पडली होती, ते मला कानाजवळ जाणवत होतं. मला त्या वेळी फार भीती वाटली आणि ती पोरगी फार जवळची वाटली.

आपल्याकडे उलटं असतं. रस्त्यावर कुणी मोटारसायकलवरून पडला की चार जण धावतात, बगलेत धरून त्याला उभा करतात, पाणी पाजतात, मान चोळतात आणि 'काही नाही झालं, चाल बरं जरा' म्हणतात. सगळं मायेनेच करतात. तिथे मायेने पडून राहू देतात. हा एवढा फरक मी गुलमर्गहून घेऊन आलो.

श्रीनगरच्या दवाखान्यात फोटो काढला. मानेतला पाचवा मणका चिरला होता. आत जी दोरी असते, जिच्यावर हातपाय चालतात, तिला धक्का नव्हता. डॉक्टरांनी हनुवटीपासून छातीपर्यंत कडक पट्टा बांधला. बशीरभाई रोज सूप घेऊन यायचे आणि स्वतःच्या हाताने चमच्याने पाजायचे. रूही दाराशी उभी राहून रडायची. मी तिला म्हणालो, तू नसतीस तर मी उठून चालायला लागलो असतो आणि तिथेच बसलो असतो, कायमचा. ती आणखीच रडली.

अर्धापूर

परत आल्यावर लातूरच्या मणक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर धरून मला ती चीर दाखवली, कपाच्या कानाजवळ जाते तशी बारीक रेघ. म्हणाले, "दीड महिना पट्टा काढायचा नाही. झोपताना नाही, जेवताना नाही. मान चोळायची नाही, मोडायची नाही, कुणाला हात लावू द्यायचा नाही. परत फोटो काढू. हाड जुळलं असेल तर सुटलात. नसेल तर ऑपरेशन, स्क्रू घालावे लागतील." मी विचारलं, आणि कुणी जोरात झटका दिला तर? ते म्हणाले, "तर हाताला मुंग्या येतील, आणि त्या जाणार नाहीत."

आता तुम्हीच सांगा, अर्धापूरसारख्या गावात कुणाला हात लावू द्यायचा नाही हे कसं जमावं? बघायला आलेल्या प्रत्येकाला मान चोळणारा एक तरी माणूस माहीत होता. किनवटकडचा एक जण झाडपाल्याचा लेप लावतो, मुदखेडला एक बाई अंड्याचा पट्टा बांधते, कुणाचा मेहुणा एका झटक्यात मान बसवतो. सविता दारातच खुर्ची टाकून बसायची. पाणी द्यायची, चहा द्यायची, पण माझ्यात आणि पाहुण्यात कायम ती असायची. तिने एका म्हाताऱ्या चुलत्यांना सरळ सांगितलं, "मामंजी, बघा तेवढं. हात न्हाई."

दाढीचा मात्र घोटाळा झाला. आमच्या रहीमभाईंच्या दुकानात मी मिसरूड फुटल्यापासून बसतो. त्यांनी पट्ट्याच्या वरची दाढी इतकी जपून केली की वस्तरा गालावर आहे की नाही कळेना. तोंड पुसलं, तुरटी फिरवली. आणि मग, रोजच्या गिऱ्हाइकाला करतात तसंच, त्यांचा एक हात माझ्या डोक्यावर आणि दुसरा हनुवटीवर गेला. दाढी झाली की मान कडकड वाजवायची, हे ते वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि त्याशिवाय आमच्याकडे कुणी खुर्चीवरून उठत नाही. मी आरशात ते हात बघितले तेवढ्यात बाहेर स्कूटीवर बसलेली सविता किंचाळली, "रहीमभाई!"

त्यांचे हात विजेचा धक्का बसल्यासारखे मागे गेले. ते खाली बाकावर बसले. "या अल्ला, मी काय करून राहिलो होतो," असं दोन-तीनदा म्हणाले. मग माझ्यासमोर उभे राहून दोन्ही हात मागे बांधून म्हणाले, "दिगंबरशेट, ह्या हाताला लई सवय लागली. आता तुम्ही बरं होईस्तोवर मी तुमची दाढी बसून करतो, तुम्ही उभे ऱ्हावा." आणि खरंच, त्यानंतर मी उभा राहायचो आणि ते स्टुलावर बसायचे. बाजारात त्यांनीच सगळ्यांना सांगितलं की शेटच्या मानेला कुणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे.

या सगळ्यात रोज देवणीहून फोन यायचा. फोन करायची जनामावशी, माझ्या आईची थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली आणि दहावीपर्यंत मी मावशीच्या घरी, देवणीजवळच्या खेड्यात वाढलो. मावशी पायाळू आहे. नव्या लोकांना हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगतो. जे मूल आधी पायांनी जन्माला येतं त्याला पायाळू म्हणतात, आणि आमच्याकडे सगळ्यांचा विश्वास असा, की अशा माणसाने पाय लावला की पाठीत भरलेली उसण, लचकलेली कंबर, धरलेली मान मोकळी होते. मावशीच्या दारात सकाळी माणूस नाही असा दिवस मी लहानपणी बघितला नाही. ती कुणाकडून काही घेत नाही. आलेल्याने हापशावरून एक घागर भरून आणायची, एवढंच. ती फोनवर सविताला एकच वाक्य सांगायची, "दिगूला घिऊन ये. लावते पाय. उठून पळंल."

दीड महिना सरत आला. लातूरला जायचंच होतं. मावशीला टाळून लातूर गाठणं माझ्याच्याने होईना, म्हणून ठरवलं की आधी देवणी, मग लातूर. सविताने फिल्मचं मोठं पाकीट गाडीत ठेवलं.

देवणीच्या वाटेवर

गाडी सविताने चालवली. लायसन तिच्याकडे कधीचं होतं, पण आतापर्यंत ती गावातल्या गावात फिरायची. माझ्या सीटला तिने केळी भरताना खोक्यात घालतो तो फोम चारी बाजूंनी लावला आणि मला मध्ये बसवलं. माल दबू नये म्हणून आम्ही जेवढी काळजी घेतो तेवढीच घेतली, फक्त वर झाकण लावलं नाही.

पट्टा घातलेल्या माणसाला प्रवासात रस्ता दिसत नाही, शेंडे दिसतात. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मला फक्त झाडांचे वरचे भाग, तारा आणि आभाळ. पण त्यामुळेच एक गोष्ट झाली. फाल्गुन लागला होता आणि पळस पेटला होता. या रस्त्याने मी आयुष्यभर येतोय, नजर कायम समोरच्या ट्रकवर. इतके पळस इथे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मी दर थोड्या वेळाने "आणखी एक" म्हणायचो आणि सविता म्हणायची, "बघा तुम्हीच, मी खड्डे बघून राहिले."

उदगीरला चहाला थांबलो. कप वाकवून प्यायला मान मागे न्यावी लागते, हे पट्टा बांधेपर्यंत कळत नाही. हॉटेलवाल्याने स्वतःहून थंड पेयाची नळी आणून दिली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चहा नळीने प्यालो. जीभ भाजली. तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता.

"पैलवान दिसता. कुस्तीत का?"

"न्हाई. बर्फावर पडलो."

"बर्फाच्या कारखान्यात हाव का कामाला?"

सविता इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसताना मान धरावी लागली. नंतर पुढच्या रस्त्यावर तिला आठवलं की ती परत हसायची आणि गाडी हळू करायची.

मावशीचं अंगण

मावशीच्या दारात देवणी गाय बांधलेली. पांढरी, अंगावर काळे ठिपके, कान लोंबते. माशी बसली म्हणून तिने मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघितलं आणि मला तिचा खरोखर हेवा वाटला. शेजारची बाई "बर्री, बर्री" म्हणत पुढे आली. कर्नाटक हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथे स्वागताला कानडी चालतं. मावशी ओट्यावर उभी होती, सत्तरी ओलांडलेली, पण काठीसारखी ताठ. मला वाकता येईना. जिच्या पाया पडल्याशिवाय मी या उंबऱ्यात कधी पाऊल टाकलं नाही, तिच्यासमोर मी हात जोडून नुसता उभा राहिलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्या पडशील."

जेवायला धपाटे आणि घट्ट दही. ताट दिसत नव्हतं, हात चाचपडत होता, एकदा बोट सरळ ठेच्यात गेलं. मावशीने ताट ओढून घेतलं आणि मला भरवायला लागली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला भरवताना तिला काही वाटलं नाही, आणि मलाही वाटलं नाही.

सकाळी अंगण सारवलेलं होतं. मध्ये पाट मांडला होता. गल्लीतली आठ-दहा माणसं भिंतीला टेकून उभी होती. मावशीने पाय धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "दिगू, पालथा हो."

सविता पुढे आली. "मावशी, न्हाई. डाक्टरनं हातसुद्धा लावू दिला न्हाई."

"हात कुठं लावून राहिले मी? पाय लावते."

"पाय बी न्हाई, मावशी."

कुणीतरी भिंतीपाशी हसलं. मावशीने पदर सोडला आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, मान वळत नव्हती. फक्त आवाज आला. "आख्ख्या गावाला लावला. परगावचे येत्यात. आन् घरच्या लेकराला न्हाई लावायचा?"

मला तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागलं. मी आतापर्यंत कुणालाच, सवितालाही, जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. "मावशी, मला लई भ्याव वाटून राहिलं. पडलो तवा दोन्ही हाताला मुंग्या आल्त्या. मला वाटलं हात गेले. आता रोज सकाळी उठलो की आधी बोटं हलवून बघतो. तू पाय लावलास आन् काही झालं, तर तू जन्मभर सोताला खाशील. मला ते बघवणार न्हाई." बोलता बोलता डोळे भरले. एरवी माणूस मान खाली घालून डोळे पुसतो. पट्ट्यात ते होत नाही. मी आठ-दहा माणसांसमोर सरळ बघत रडलो.

मावशी उंबऱ्यावरून उठली. मग म्हणाली, "हे आधी का न्हाई बोललास? मला वाटलं सविताच आडवी येऊन राहिली." आणि मग, "कुठं मोडलंय दाखव बरं."

सविताने पाकीट आणलं. मावशीने फिल्म दोन्ही हातांनी उन्हावर धरली. एकावर एक रचलेली हाडं, वर कवटी, दातांची रांग. सविताने चिरेवर बोट ठेवलं.

"ह्यो दिगूच हाय का?"

"हाव मावशी, आतला."

मावशीने त्या काळ्या फिल्मवरून हात फिरवला, मी तापाने फणफणलो की कपाळावरून फिरवायची तसा. "मंग झालं की. ह्यो बी तूच हाईस. हितं लावते."

तिने फिल्म पाटावर ठेवली, पूर्वेकडे तोंड केलं, सविताच्या खांद्याचा आधार घेतला आणि उजव्या पायाचा अंगठा, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवरून उचललेला, ओला अंगठा, बरोबर पाचव्या मणक्यावर टेकवला. तीनदा. मी समोर हात जोडून उभा होतो. कुणी हसलं नाही. सविताने तर डोळे मिटले होते. मग मावशी म्हणाली, "आता डाक्टर सांगंल तसं कर. आन् मी बी येते लातूरला." सविता हापशावर गेली आणि न सांगता एक घागर भरून घेऊन आली.

लातूर

मावशी मागच्या सीटवर बसली. सबंध वाटेत मला ती दिसली नाही, नुसता आवाज यायचा. कुठल्या शेतातला हरभरा निघाला, कुणाच्या पोरीचं जमलं, कोण बांधावरून भांडतं, सगळं. लातूर जवळ आलं. मी बोटं हलवून बघितली.

दवाखान्यात नवा फोटो काढला. डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी उजेडाच्या चौकटीवर जुनी फिल्म लावली आणि शेजारी नवी. मग जुन्या फिल्मच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर केला.

"हा डाग कसला?"

सविता माझ्याकडे बघायला लागली. मी डॉक्टरांकडे. मागून मावशी बोलली, "डाग न्हाई साहेब. माझा अंगठा हाय."

डॉक्टरांनी टेबलावरचं फडकं उचललं होतं. सविताने त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते फडकं त्यांनी परत ठेवलं. "तुम्ही पाय मानेवर नाही ठेवला, फिल्मवर ठेवला?" त्यांनी मावशीला विचारलं. "हाव," मावशी म्हणाली, "सुनेनं ठिऊ दिला न्हाई." ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मग गंभीर होऊन नव्या फिल्मवर पेन्सिल टेकवली. जिथे रेघ होती तिथे आता पांढरट, भरीव दिसत होतं. "जुळलंय," ते म्हणाले. "छान जुळलंय. ऑपरेशन नको."

सविताने माझा हात धरला. तिच्या हाताला घाम आला होता. तेव्हा मला कळलं की सबंध रस्ता गाडी चालवणारी ही बाई माझ्याइतकीच घाबरलेली होती.

डॉक्टरांनी स्वतः पट्ट्याचे बंद सोडवले. मान इतकी हलकी वाटली की मला ती धरावीशी वाटली. म्हणाले, व्यायाम शिकवतो, दोन-तीन महिने ओझं नाही, घड उचलायचे नाहीत. मी विचारलं, पुढच्या थंडीत बर्फावर? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आधी नीट चाला. मग बघू. आणि हात हलवायचा नाही." सविताने त्यांनाही व्हिडिओ दाखवला होता.

रूहीला मी त्याच वेळी फोन केला. ती पलीकडे ओरडलीच. म्हणाली, बर्फ कुठे जात नाही, अंकल. हनुवटी छातीला लावायचा सराव घरी करून या.

"आता हळूच खाली बघा," डॉक्टर म्हणाले. "जेवढं सोपं जाईल तेवढंच."

मी बघितलं. आधी दिसलं माझं पोट, ते दीड महिन्यात वाढलं होतं. मग माझ्या चपला, घालताना दिसत नसल्यामुळे दोन वेगळ्या जोडांच्या. आणि त्यांच्या पलीकडे, दवाखान्याच्या पांढऱ्या फरशीवर, मावशीचे अनवाणी पाय. ती देवळात शिरावं तशी चपला बाहेर काढून आत आली होती. उजव्या अंगठ्याच्या नखाशी अजून सारवणाची किनार होती.

"बघत काय बसलास?" मावशी म्हणाली. "काल पाया पडायचं ऱ्हायलंय तुझं."

डॉक्टर म्हणाले, मान नाही वाकवायची, गुडघे वाकवा. मी तिचा हात धरून गुडघ्यावर बसलो, मान सरळ ठेवून, आणि हात लांब करून तिच्या त्या अंगठ्याला बोटं लावली. बोटांना त्याचा खरबरीतपणा लागला, नखाशी वाळलेलं सारवण लागलं. सगळं नीट कळत होतं.